हिरव्या बटणाचा पत्ता

आत्याच्या दुकानात दुपारी दोन ते चार कोणी मोठ्याने बोलत नाही. तसा नियम नाही. पण त्या वेळात मागच्या काचेतून ऊन आत येतं, कपाटांवर हळूहळू चढतं, खणांच्या पितळी मुठी एकेक करून उजळत जातात, आणि ते बघता बघता बोलायचं राहून जातं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईचंही राहतं, म्हणजे काय ते समजा.

दुकान बटणांचं आहे, फक्त बटणांचं. कोटाचं एखादं बटण तुटून पडतं आणि सापडत नाही. मग लोक उरलेल्यांपैकी एक घेऊन येतात किंवा त्याचा फोटो पाठवतात आणि आत्या त्याची जोडी शोधून देते. एकवीस कपाटं आहेत. सात-तीन-नऊ म्हटलं की सातवं कपाट, तिसरी रांग, नववा खण. चाळीस वर्षांत आत्याने एकही बटण एका खणातून दुसऱ्यात हलवलेलं नाही. खण भरून बंद होईना तरी नाही. डोळे मिटून हात घालते आणि हवं तेच बटण काढते. "हाताला पत्ते पाठ आहेत," म्हणते, "त्याला उगीच कशाला फसवायचं?"

दुकानाची साइट मी केली, चौदा वर्षांपूर्वी. वेबसाइट बनवणं हा माझा धंदा, आणि मी भाची असल्यामुळे आत्याचं काम तिच्या अटींवर करावं लागतं. प्रत्येक बटणाला एक पान दिलं आणि खणाचा जो आकडा तोच पानाचा पत्ता ठेवला. कपाटात सात-तीन-नऊला असलेलं बटण साइटवरही सात-तीन-नऊलाच भेटतं. ही युक्ती सुचली तेव्हा मी स्वतःवर फार खूश झाले होते. अजूनही अधूनमधून होते.

यंदा मात्र मी हट्टाला पेटले. लोक आता बसमध्ये बसून, एका हातात बटण आणि दुसऱ्या हातात फोन धरून साइट उघडतात. पानं मोठ्या पडद्यासाठी बेतलेली. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात आणि बिचारे दोन बोटांनी ताणत बसतात.

"मोबाइलसाठी वेगळी साइट करू या," मी आत्याला म्हटलं. ती शिलाई मशीनजवळच्या खुर्चीत बसून एकसारखी बटणं दोऱ्यात ओवत होती.

"वेगळी म्हणजे कुठे असेल ती?"

"तेच तर ठरवायचंय. पत्ता निवडायचाय."

"आहे त्या पत्त्याला काय झालं?"

मी कागद घेऊन तिला समजावलं. तीन वाटा होत्या. आहे त्या पत्त्याच्या आधी एक अक्षर आणि एक टिंब लावायचं, म्हणजे मोबाइलची साइट शेजारी स्वतंत्र उभी राहते. किंवा पत्त्याच्या शेवटी तिरपी रेघ मारून पुढे मोबाइल असं लिहायचं. नाहीतर पत्ता तोच ठेवायचा आणि पानालाच शिकवायचं, की पडदा लहान दिसला तर जरा अंग चोरून बस.

"शेवटचं बरं आहे," आत्या म्हणाली. "एवढ्याशा दुकानाला दोन दारं कशाला?"

शेवटचंच बरं होतं. मलाही ते ठाऊक होतं. पण त्यासाठी चौदा वर्षांची सगळी पानं, अडीच हजारांच्या वर, पुन्हा उसवून शिवावी लागली असती, आणि माझा आळस मला चांगला ओळखून आहे. मी मान ताठ करून म्हटलं, "वेगळा पत्ता घेतला की काम स्वच्छ होतं. मोबाइलवाले इकडे, बाकीचे तिकडे." आणि कागदावरच्या पहिल्या वाटेभोवती जाड गोल काढला.

आत्याने ओवणं थांबवलं. "आणि हिरव्या बटणाचं पान?"

आता हे सांगायला हवं. आत्याला एक मुलगी आहे. मी तिला ताई म्हणते. अकरा वर्षांपूर्वी ताई घर सोडून गेली. दुकान सांभाळायचं नाही, लांबच्या शहरात नोकरी मिळाली आहे, एवढंच तिचं म्हणणं होतं. पण मायलेकी दोघी तापट, शब्दाने शब्द वाढत गेला. ताई बॅग घेऊन दारात पोचली तेव्हा आत्याने तिच्या कोटाला धरून मागे ओढलं. ताईने हिसडा दिला आणि कोटाचं वरचं बटण आत्याच्या मुठीत राहिलं. "जायचं तर कायमची जा," आत्या म्हणाली. ताई गेली. नंतर तिने फोन नंबर बदलला. महिन्याभराने आत्याने तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर एक चिठ्ठी धाडली. तिच्यात माफी नव्हती, कारण माफी मागायची म्हटली की आत्याची जीभ टाळ्याला चिकटते. चिठ्ठीत आमच्या साइटवरच्या एका पानाचा पत्ता होता, दुसरं काही नाही. उत्तर आलं नाही. पुढे ताईने ते ऑफिसही सोडलं असं कळलं.

त्या पानावर ते बटण आहे. गडद हिरवं, चार भोकांचं, एका बाजूची कड घासलेली. खरं बटण कुठल्याच कपाटात नाही, आत्याच्या शिलाई मशीनच्या खणात आहे, म्हणून त्या पानाच्या पत्त्यातही आकडे नाहीत, नुसतं "मशीनचा खण" असं आहे. बाकी साइटवरून त्या पानाकडे जायला वाट नाही. ज्याला पत्ता माहीत तोच तिथे पोचतो. बटणाच्या फोटोखाली आत्या दर महिन्याला माझ्याकडून दोन ओळी लिहून घेते. समोरच्या घराला पिवळा रंग दिला, डोळ्यांत खुपतो. जिन्याखालच्या मांजरीला तीन पिल्लं झाली, एक आंधळं वाटलं होतं पण बघायला लागलं. बारावं कपाट करकरतं, तेल घातलं तरी करकरतं.

आणि दर गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला त्या पानावर एक भेट नोंदली जाते. कोण आलं ते नोंदीत कळत नाही. किती वेळ थांबलं आणि कशावरून पाहिलं, एवढं कळतं. पूर्वी संगणकावरून, गेली चार वर्षं फोनवरून. पाच मिनिटं, कधी सात. दोन ओळी वाचायला कोणाला सात मिनिटं लागत नाहीत. गुरुवारी चार वाजून गेले की आत्या दोरा तोडता तोडता सहज विचारल्यासारखं विचारते, "आलं होतं का कोणी?" मी हो म्हणते. त्यावर तिचा पुढचा आठवडा निभतो.

"ते पान हरवता कामा नये," आत्या म्हणाली. "बाकी साइट बुडाली तरी मला चालेल."

"नाही हरवणार. जुन्या पत्त्यावर फोनवरून कोणी आलं, की हाताला धरून नव्या साइटवर त्याच बटणापाशी नेऊन सोडायचं, अशी सोय करते."

"घाईबाई," ती म्हणाली. मी चालायला लागले तेव्हापासून ती मला याच नावाने हाक मारते. "नीट कर."

पुढचे आठ-दहा दिवस मी दुकानातच बसून काम केलं. त्या दिवसांचा विचार केला की मला सगळं थोडं पाण्याखालचं दिसतं. मोजणीच्या लांब टेबलावर माझा संगणक, पलीकडे आत्या, मध्ये हस्तिदंती रंगाच्या बटणांचा ढीग. गिऱ्हाईक आलं की आत्या उठायची, कुठेतरी आत एक खण उघडल्याचा आवाज व्हायचा, मग बंद झाल्याचा. तेवढ्या दोन आवाजांच्या मधल्या शांततेत मला हमखास पेंग यायची. एका दुपारी मी टेबलावर डोकं टेकलं आणि खरंच झोपले. स्वप्नात लांबलचक गल्ली होती, दोन्हीकडे खणाएवढी दारं, प्रत्येक दारावर मुठीच्या जागी एक बटण. माणसं फोन हातात धरून चालली होती आणि त्यांच्या पावलांचा आवाज येत नव्हता. मी चौकात उभी राहून सगळ्यांना वाट दाखवत होते. मला फार बरं वाटत होतं, कारण उलट प्रश्न कोणीच विचारत नव्हतं. जाग आली तेव्हा गालावर बटणांचे वळ उठले होते आणि आत्या म्हणत होती की चहाचं पाणी झालं.

सोमवारी नवी साइट सुरू केली. जुन्या पत्त्यावरून नव्याकडे पाठवताना दोन तऱ्हांनी सांगता येतं. पान तात्पुरतं हललंय असं सांगायचं, किंवा कायमचं हललंय असं. मी कायमचं सांगितलं. तात्पुरतं म्हणजे कसं, पाहुण्यासारखं वाटतं. पाच-सहा खणांचे आकडे टाकून पाहिले, सगळे बरोबर आपापल्या बटणापाशी उतरले. नव्या साइटवर हिरव्या बटणाचं पानही उघडून पाहिलं. बटण छान मोठं दिसत होतं, चारही भोकं स्पष्ट. जुन्या पत्त्यावरून तिथे जाऊन बघायचं मात्र मला सुचलं नाही.

गुरुवारी सव्वाचारला मी नोंद उघडली. तीन वाजून चार मिनिटांनी कोणीतरी फोनवरून जुन्या पत्त्यावर आलं होतं. तिथून थेट नव्या साइटच्या पहिल्या पानावर, जिथे "आपलं स्वागत आहे" असं लिहिलं होतं. मग पुन्हा तेच पहिलं पान. तीन वाजून पाच, तीन वाजून सात, तीन वाजून अकरा. चार वेळा दार ठोठावलं होतं आणि चारही वेळा माझ्या सोयीने त्या माणसाला आदबीने बाहेरच्या ओसरीवर आणून बसवलं होतं.

चूक कळायला एक मिनिटही लागलं नाही. पत्त्यातला कपाटाचा आकडा वाचायचा आणि त्याप्रमाणे पाठवायचं, असं मी त्या सोयीला शिकवलं होतं. आकडा नसेल तर? तर पहिल्या पानावर. अडीच हजार पानांत आकडा नसलेलं पान एकच होतं.

"आलं होतं का कोणी?" आत्याने विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि त्या बघण्यापुढे मी लहानपणापासून कधी टिकले नाही. मी सगळं सांगितलं. समोरच्या ढिगातली बटणं तिने दोन भोकांची आणि चार भोकांची अशी वेगळी करायला घेतली, जी आधीच वेगळी केलेली होती. तिने मला झापलं असतं तर मला सोसलं असतं.

"तिला वाटेल मी काढून टाकलं," ती म्हणाली.

"मी आत्ता दुरुस्त करते. पुढच्या गुरुवारी सगळं जागेवर असेल."

दहा मिनिटांत दुरुस्त केलं, या खेपेला जुन्या पत्त्यावरून चार वेगवेगळ्या फोनांवर बघितलं. शेजारच्या शिंप्याचा फोनसुद्धा मागून आणला. सगळीकडे हिरवं बटण उघडत होतं. मग आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींशी फार जपून बोललो.

पुढच्या गुरुवारी तीन वाजल्यापासून मी नोंदीसमोर बसून होते. तीन वाजून दोन मिनिटांनी भेट आली. तोच फोन. पण जुन्या पत्त्यावर नाही, सरळ पहिल्या पानावर. पुन्हा पहिल्या पानावर. पुन्हा. मग संपलं.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि तो पडला नसता तर बरं असं वाटलं. फोन फार आज्ञाधारक असतात. पान कायमचं हललंय असं एकदा सांगितलं की ते नवी वाट पाठ करून ठेवतात आणि जुन्या दाराशी पुन्हा विचारायलाही येत नाहीत. मी इकडे दार उघडून ठेवलं होतं, पण त्या फोनला सांगितलेली चुकीची वाट मला त्याच्या पोटात शिरून पुसता येणार नव्हती. तात्पुरतं म्हटलं असतं तर त्याने दर वेळी नव्याने विचारलं असतं.

मी आत्याला हे तसंच सांगितलं. समोर बसून, हात मांडीवर ठेवून. ती ऐकत राहिली. ऊन आठव्या कपाटापर्यंत आलं होतं.

"कायमचं असं कोणाला सांगू नये," ती म्हणाली. "मी सांगून बसलेय."

मला रडू आलं. तिच्यासमोर रडायची लाज वाटत होती, कारण रडायचा हक्क तिचा होता आणि ती कोरड्या डोळ्यांनी बसली होती.

"तिला कळवता येणार नाही का काही?" तिने विचारलं.

"कसं कळवणार? नंबर नाही, पत्ता नाही. ती आता फक्त पहिल्या पानावर येते. तिथे तर सगळं जग येतं."

आत्या उठली, मागच्या काचेपाशी जाऊन उभी राहिली. तिची पाठ मला दिसत होती, बाकी काही नाही. अकरा वर्षं ती त्या कोपऱ्यातल्या पानावर मांजरं आणि रंग आणि करकरणारं कपाट लिहीत आली होती, कारण ते पान दुसरं कोणी वाचत नव्हतं आणि तिथे जे लिहायला हवं होतं ते तिथेही लिहवत नव्हतं. एक बाई येऊन मोत्याच्या बटणांबद्दल विचारून गेली, तिला मीच कसंबसं वाटेला लावलं.

"पहिल्या पानावर लिही," आत्या म्हणाली. "त्या स्वागताच्या जागी."

"सगळी गिऱ्हाइकं वाचतील, आत्या."

"वाचू देत. मी सांगते तसं लिही, मध्ये तुझी अक्कल घालू नकोस."

तिने सांगितलं आणि मी लिहिलं. गडद हिरवं बटण, चार भोकांचं, इथेच आहे. कोट ओढला तेव्हा ते माझ्या हातात आलं. मी ओढायला नको होतं. कायमची जा असं म्हणायला नको होतं. चूक माझी होती. मग ती थांबली. आणखी काही सुचत नव्हतं, की सुचत होतं ते बोलवत नव्हतं, मला कळलं नाही. खाली मी बटणाच्या पानाकडे जाणारी वाट जोडली आणि पान चढवलं. तिच्या तोंडून "चूक माझी होती" हे शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते, आणि ते तिने मोजणीच्या टेबलाशी उभं राहून, भाव सांगावा तसे सांगितले.

तो आठवडा विचित्र गेला. तीन गिऱ्हाइकांनी ते हिरवं बटण मिळेल का म्हणून विचारलं. एका सद्गृहस्थाने तर ते आपल्याच कोटाचं असल्याचं कळवलं, फोटोसकट. त्यांचं बटण निळं होतं. "विकायचं नाही, असं लिही," आत्या प्रत्येक वेळी म्हणायची. शिंपी येऊन उगीच हवापाण्याच्या गप्पा मारून गेला. त्याने वाचलं होतं हे त्याच्या अति गोड बोलण्यावरूनच कळलं. आत्या कोणाच्याही नजरेला नजर द्यायला कचरत नव्हती. माझीच मान खाली जात होती.

मी दरम्यान तिसरी वाट धरली. एकच पत्ता, आणि पानांना अंग चोरून बसायला शिकवायचं. पहिल्या कपाटापासून सुरुवात केली. अडीच हजार पानं उसवायची म्हणजे वर्ष जाणार होतं. आळस कुठे गेला होता कोण जाणे. दुपारी ऊन चढायचं, खण उघडायचा, बंद व्हायचा, आणि मी एकेक पान शिवत जायची. या दिवसांत मला पेंग आली नाही, तरी सगळं झोपेतल्यासारखंच वाटत होतं.

गुरुवार आला. अडीचला आत्याने दुकानाच्या दारावरची पाटी उलटी केली, बंद असल्याची. असं तिने कधी केलं नव्हतं. आम्ही दोघी संगणकासमोर बसलो. तीन वाजले. तीन वाजून दहा झाले. साडेतीन वाजले तेव्हा मी तिच्याकडे बघायचं टाळायला लागले. कंटाळून सोडून दिलं असेल. तीन गुरुवार कोण दार ठोठावत बसतं?

तीन वाजून छत्तीस मिनिटांनी भेट आली. तोच फोन, पहिलं पान. पाच मिनिटं गेली. सात गेली. दहा. खाली जोडलेली वाट तशीच होती, कोणी तिला हात लावला नव्हता. पाव तास झाला. पानावर पाच छोटी वाक्यं होती. आत्या माझ्या मनगटाला धरून बसली होती. वीस मिनिटं झाली. मग ती भेट संपली.

"बटण बघितलं नाही तिने," आत्या म्हणाली. इतक्या हळू, की मला वाटलं मी ते नुसतं मनात ऐकलं.

मी काही बोलणार, तेवढ्यात साइटवरून दुकानाच्या ई-मेल पेटीत एक अर्ज येऊन पडला. बटणाची जोडी हवी असेल तर लोक भरतात तो. रंग, भोकं, आकार, कशाचं बनलंय, कुठे हरवलं, नाव, फोन नंबर. सगळ्या जागा कोऱ्या होत्या. फक्त नंबर होता.

आत्याने चष्मा पुसला आणि तो आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. डोळे मिटून अडीच हजार खणांत हात घालणारी बाई, पण फोनवर तिची बोटं दोनदा चुकली. शेवटी मी लावून दिला. दुसऱ्याच घंटेला तो उचलला गेला. मी उठून जायला हवं होतं, पण तिने माझं मनगट सोडलं नव्हतं. पलीकडून शब्द येत नव्हता. कोणीतरी श्वास घेत होतं, आवरत होतं, बोलायला बघत होतं आणि जमत नव्हतं.

"सावकाश," आत्या म्हणाली. "मी ऐकतेय."